एका दिवसासाठी १५०-६०० मिमी झूम लेन्स भाड्याने घेतोय, समुद्रावर कुठे आणि कधी जाऊ?

खिडकीतली_सीट:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत एक रविवार मोकळा मिळतोय, त्या दिवसापुरती १५०-६०० लेन्स भाड्याने घ्यायचं चाललंय, कॅमेरा बॉडी क्रॉप सेन्सरवाली, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची. प्लॅन असा की सकाळी शिवडीला फ्लेमिंगो, दुपारी वांद्र्याला खडकांवरचे पक्षी आणि संध्याकाळी दादर चौपाटीवरून सी लिंकमागचा सूर्यास्त. डोंबिवलीहून लोकलने येणार, मग ट्रायपॉड उचलून आणू का? आणि सेटिंग काय ठेवू? बायको म्हणते एवढ्या भाड्यात अलिबागला जाऊन आलो असतो, तेव्हा फोटो जरा बरे यायला पाहिजेत 😅

ओली_वाळू:
जागा बरोबर, क्रम उलटा. शिवडी पूर्व किनाऱ्यावर, तोंड ठाणे खाडीकडे, सकाळी गेलात तर सूर्य समोर आणि गुलाबी पक्षी काळेकुट्ट. तिथे दुपारनंतरच जायचं, ऊन पाठीवर घेऊन. वांद्रे पश्चिमेला, तिथे सकाळी ऊन पाठीमागून येतं.
पण उन्हापेक्षा भरती बघा आधी. ओहोटीला शिवडीचा चिखल इतका लांबवर उघडा पडतो की फ्लेमिंगो पार आत चरत असतात, ६०० लावा नाहीतर ८०० लावा, ठिपकेच येणार. पाणी चढायला लागलं की ते चरत चरत जेट्टीकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दोनतीन तास आधी जाऊन उभं राहायचं. वांद्र्याला याच्या बरोब्बर उलट, खडक उघडे असतील तरच समुद्रबगळे आणि तुतवार (किनाऱ्यावर चरणारे छोटे पक्षी) खाली उतरणार.

वरळीचा_पोर:
दादा, भरतीओहोटीचं अ‍ॅप नसलं तरी चालतंय, आमच्या कोळीवाड्यात म्हातारी माणसं तिथीवरून पाणी सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, मुंबईत साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, थोडं मागेपुढे धरायचं. म्हणजे षष्ठीला साडेचार. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. पुनव-अवसेच्या आसपास उधाणाचं पाणी, चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप, तेव्हा सकाळी वांद्र्याचे खडक मस्त उघडतात पण दुपारी शिवडीला पाणी उतरत असतं, पक्षी लांब जाणार. अष्टमीला भांगाचं पाणी, चढउतार कमी. तुम्हाला दोन्ही पायजे तर पंचमी-षष्ठीचा रविवार बघा.

शटरवाली:
ट्रायपॉड घरीच ठेवा, लोकलमध्ये शिव्या खाल आणि उडणाऱ्या पक्ष्याला त्याचा उपयोगही नाही. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) असेल तर आणा. मोड मॅन्युअल, शटर पक्षी उडताना १/२००० सेकंद, निवांत चरत असतील तर १/८०० पण चालेल, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडून द्या. फोटोत थोडा नॉइज, म्हणजे दाणे, आला तरी काढता येतो, हललेला फोटो नाही.
दुपारी चिखलावर हवा थरथरते, लांबचा पक्षी पाण्याखालून काढल्यासारखा मऊ येतो, तो दोष फोकसचा नसतो. उपाय एकच, पक्षी जवळ येईपर्यंत थांबणे. बरेच लोक तेवढ्यात वैतागून लेन्स बदलायच्या गोष्टी करतात!!
सूर्यास्ताला पूर्ण ६०० वर जायची घाई नको. सूर्याचा गोळा सेन्सरवर फोकल लेंग्थच्या शंभराव्या भागाहून थोडा लहान पडतो, म्हणजे ६०० ला साडेपाच मिलिमीटर, क्रॉप सेन्सरच्या उंचीचा तिसरा हिस्सा. एवढ्या मोठ्या गोळ्यात सी लिंकची चारदोन केबलच मावतील, ३०० च्या आसपास जास्त छान दिसतं. आणि डीएसएलआर असेल तर लेन्स सूर्याकडे असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर) बघा, हे सिरियसली घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे दादरहून तो वरळीच्या अंगाला बुडेल, वांद्र्याच्या मोठ्या खांबांमागे येणार नाही.

ओली_वाळू:
+१. अजून एक, खारा वारा. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग किंचित ओल्या कपड्याने बाहेरून पुसा, कोरड्या कपड्याने घासलंत तर मीठ आणि वाळूचे ओरखडे उठतील आणि लेन्स भाड्याची आहे. गोदी आणि नेव्हीच्या बाजूला लेन्स वळवू नका, उगाच चौकशीला तोंड द्यावं लागतं.

खिडकीतली_सीट:
कालनिर्णय काढून बघितलं, त्या रविवारी पंचमी! म्हणजे पाऊणपट करून भरती पावणेचारला, सुकती साडेनऊला. मग सकाळी आठ ते दहा वांद्रे, तिथून हार्बरने शिवडी?

वरळीचा_पोर:
परफेक्ट. वांद्र्याहून सीएसएमटीची हार्बर पकडा, शिवडीला तीच थांबते, पण रविवार आहे, मेगाब्लॉक आदल्या दिवशी चेक करा. एकपर्यंत जेट्टीवर पोचा आणि जेवण आधीच उरकून घ्या. साडेचारनंतर टॅक्सीने दादर.