कोरी जीन्स भिजवल्यावर किती आटते? ३२ कंबरेला कुठला साईज मागवू?

दांडियाबाजारकर:
मंडळी, माझा आतेभाऊ डिसेंबरात अमेरिकेहून बडोद्याला येतोय, त्याला लिवाइसची ५०१ आणायला सांगितलीये, पण साधी नाही, श्रिंक-टू-फिट म्हणतात ती, एकदम कोरी, कारखान्यात एकदाही न धुतलेली. कॉलेजपासून मनात आहे की एक जीन्स अशी असावी जी माझ्याच अंगावर बसेल आणि माझ्याच चालण्या-बसण्याने फिकी होईल. माझी कंबर ३२, आतली लांबी ३०. आता कोण म्हणतं दोन नंबर मोठी घे, कोण म्हणतं नेहमीचीच घे, कंबर नंतर सैल होते. आणि ती अंगात घालून टबात बसायचं असतं म्हणे, तर आमच्या फ्लॅटमध्ये टब कुठून आणू? आई म्हणते मीठ घालून भिजव म्हणजे रंग पक्का होईल. भावाला या आठवड्यात साईज कळवायचाय, आणि एकदा आणली की बदलून मिळणार नाही, म्हणून ज्यांनी स्वतः वापरलीये त्यांनी प्लीज सांगा.

निळी_टाच:
भावा मी वापरलीये, पहिली वाया घालवलीये म्हणून मनापासून लिहितो. कंपनी स्वतःच सांगते की ३६ पर्यंत कंबर असेल तर कंबरेला १ इंच जास्त घ्या आणि लांबीला ३ इंच जास्त. म्हणजे तुला ३३ कंबर, ३३ लांबी. ३३ लांबी मिळत नसेल तर ३४ घे, ३२ अजिबात नको. कंबर कमी-जास्त झाली तर बेल्टने निभतं रे, लांबी गेली की गेलीच.
माझं काय झालं, घरी आल्याबरोबर घातली, पायाशी भलती लांब, चपलेखाली येत होती, तर मी न भिजवता तशीच टेलरकडे नेली आणि मापाने कापून घेतली. त्यानेही विचारलं नाही, भिजवलीये का म्हणून. पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या तीन बोटं वर. एकदाच ऑफिसला घालून गेलो, मग धाकट्या भावाला दिली. म्हणून कात्री लावायची ती पूर्ण दोनदा भिजून वाळल्यावर, त्याआधी नाही.
टबाची काही गरज नाही. मोठी बादली किंवा टप घे, अंगाला चटका बसणार नाही पण चांगलं गरम असं पाणी, त्यात जीन्स उलटी करून बुडव, वर तरंगते म्हणून पाण्याने भरलेला तांब्या ठेव, तासभर राहू दे. साबण नाही. पाणी निळं-काळं होईल, घाबरू नको. पिळायची नाही, कंबरेकडून लटकवून निथळू द्यायची आणि थोडी ओलसर असतानाच घालून घरात तासभर वावरायचं, उकिडवं बसायचं, जिना चढायचा-उतरायचा. गुडघे आणि मांड्या तिथेच बसतात. फक्त त्या वेळी सोफ्यावर आणि गादीवर बसू नको, आमच्या पांढऱ्या चादरीवर अजून डाग आहे.

ताणाबाणा:
मी इथे सयाजीराव युनिव्हर्सिटीत क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्सला होते, म्हणून आटण्याचं कारण सांगते, मग साईज आपोआप कळेल. मागावर उभा धागा म्हणजे ताणा खूप ओढून धरलेला असतो, आडवा बाणा तेवढा नसतो. कोऱ्या कापडात ती ओढ तशीच अडकून राहते, वरून खळ असते. गरम पाण्यात खळ सुटते, सूत फुगतं आणि ताणलेला धागा मोकळा होऊन मागे येतो. जीन्सच्या पायात ताणा उभा चालतो म्हणून लांबी जास्त जाते, साधारण दहा टक्क्यांपर्यंत, आणि कंबर कमी. शिवाय कंबर घालून-घालून पुन्हा थोडी ढिली होते, लांबी तशी परत येत नाही.
सॅनफर्ड क्लुएट नावाच्या माणसाने १९३० च्या सुमारास कापड कारखान्यातच आधी दाबून आटवायची पद्धत काढली, त्यालाच सॅनफराइझ्ड म्हणतात. आपल्याकडे रॉ डेनिम, म्हणजे न धुतलेलं कोरं जीन्सचं कापड म्हणून जे मिळतं ते बरंचसं सॅनफराइझ्ड असतं, ते फार आटत नाही, त्याला हे इंच वाढवायचं गणित लावलं तर पोत्यासारखी होईल. त्यामुळे लेबलवर श्रिंक-टू-फिट लिहिलंय ना हे भावाला बघायला सांग.
आणि काकूंना सांग, मीठ नको, व्हिनेगरही नको. जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ, तो पाण्यात विरघळून सुतात मुरणारा रंग नाहीच, ती धाग्याच्या बाहेरच्या थरात बसते, आतला गाभा पांढराच राहतो. म्हणून घासलं की रंग जातो आणि म्हणूनच ते सुंदर फिके पट्टे उमटतात. मिठाने ती पक्की होत नाही. अजून एक, भिजल्यावर पायाची शिवण थोडी पुढे फिरली तर बिघाड समजू नको, तिरप्या विणीचं कापड मोकळं झालं की पीळ घेतं.

रावपुरा_जुना:
वाचून बरं वाटलं. नव्वदच्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिलचा रफ अँड टफ म्हणून शिवायचा जीन्सपीस मिळायचा, कापडाबरोबर चेन, रिव्हेट, लेबल सगळं पाकिटात. आमच्या आईने तो आधी रात्रभर पाण्यात घातला, अगाशीवर म्हणजे गच्चीवर वाळवला, मग शिंप्याकडे. ब्लाउजचं अस्तर भिजवल्याशिवाय शिवायला देत नाहीत, तीच रीत. बाळा, आईचं मीठ राहू दे पण तिच्या हातचं भिजवणं घे.
सहा-सहा महिने धुवायची नाही असं जे सांगतात ते थंड हवेच्या गावी ठीक. मे महिन्यात इथे घाम किती येतो! घामट जीन्स तशीच ठेवली की जांघेशी सूत कुजून आधी तिथेच फाटते. उन्हाळ्यात आठ-दहा वेळा घातली की उलटी करून गार पाण्यात, साध्या सौम्य लिक्विडने, हाताने. ब्लीच नाही, ड्रायर नाही, सावलीत वाळवायची. आणि पावसाळ्यात दमट राहिलेली कपाटात ठेवू नको, बुरशी धरते.

दांडियाबाजारकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, ३३ कंबर ३४ लांबी कळवलं होतं, उत्तरायणच्या म्हणजे संक्रांतीच्या आधी जीन्स हातात आली. आधी टेप लावून खडूने आतल्या बाजूला खूण केली. पहिल्या गरम पाण्यानंतर लांबी ३४ ची साडेएकतीस झाली, दुसऱ्यांदा ३१. कंबर वाळल्यावर इतकी घट्ट की वरचं बटण आईने ओढून लावलं, पण दिवसभर अगाशीवर पतंग उडवला आणि संध्याकाळी दोन बोटं सहज जात होती. आता अर्धा-पाऊण इंच दुमडून घालतोय. एकच विचारायचंय, ही ३० च्या वरची १ इंच लांबी टेलरकडून आत्ता कमी करू का, की अजून आटेल?

निळी_टाच:
अजून एक धुणं जाऊ दे. पाव इंच तरी जाईल, मग उरेल तेवढी दुमडूनच घाल, कापू नको. आणि ती खडूची खूण पुसू नको, पुढच्या धुण्यानंतर तिथूनच माप घेऊन इथे टाक.