सिकलसेलच्या रुग्णांना दिलेला सल्ला घरापर्यंत पोहोचत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार; यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र कळा येतात. अशा रुग्णांना घरी सोडताना काय सांगावं, कसं सांगावं आणि कोणाला सांगावं, याबद्दल अनुभवी लोकांचं मार्गदर्शन हवं आहे. नर्सिंगमधले असाल तर उत्तमच, पण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी नक्की लिहा.

१ जुलै २०२३ ला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा असं उद्दिष्ट ठरलं. तेव्हापासून आमच्याकडे शाळा, आश्रमशाळा, गावं अशा तपासण्या जोरात झाल्या. खूप घरांत तपासणीच्या निकालाचं कार्ड पोहोचलं. पण कार्ड पेटीत ठेवलं जातं आणि पुढे काय करायचं ते कोणाला नीट माहीत नसतं.

वॉर्डातलं काम आम्हाला जमतं. रुग्ण कळ घेऊन आला की सलाईन, वेदनाशामक, वेदना ० ते १० मध्ये किती ते विचारणं, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने परत विचारणं. दुखऱ्या जागी शेक देतो, बर्फ कधीच लावत नाही. रुग्ण जागा असेल तेव्हा दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावतो, कारण छाती-पाठ दुखते म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो आणि त्यातून छातीचा गंभीर त्रास सुरू होऊ शकतो. हे सगळं केलं की माणूस चार-पाच दिवसांत उठून बसतो.

घोडं अडतं ते रुग्णाला दवाखान्यातून सुट्टी देतो त्या दिवशी. पाणी भरपूर प्या, थंडीपासून जपा, फॉलिक ॲसिड घ्या, हायड्रॉक्सीयुरिया (कळा कमी याव्यात म्हणूनची रोजची गोळी) बंद करू नका, ताप आला तर लगेच या... सगळं एका दमात सांगितलं जातं. बाहेर एसटीची वेळ झालेली असते. "हो सिस्टर, हो सिस्टर" म्हणत माणसं निघतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच रुग्ण तीच कळ घेऊन परत येतो.

मला तीन ठिकाणी अडतं.

पहिलं पाणी. मे महिन्यात तेंदूपत्त्याची (विडीच्या पानांची) तोडणी सुरू झाली की पहाटे अंधारात माणसं जंगलात शिरतात. उन्हाचा पारा ४५ च्या आसपास, बाटली एखादीच. पुढे रोवणीत (धानाच्या लावणीत) दिवसभर चिखलात पाय, वरून पाऊस. बायका तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण बांधावर आडोसा नसतो. शाळेतल्या मुलींचंही तेच. अशा बाईला "तीन लिटर पाणी प्या" म्हणताना माझीच जीभ अडखळते.

दुसरं हायड्रॉक्सीयुरिया. "दुखत नाही त काहून खाऊ गोळी?" हा प्रश्न रोजचा. शिवाय कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की ही कॅन्सरची गोळी आहे. मग ती बंद होते.

तिसरं म्हणजे ताप. लहान लेकराला ताप आला की आधी पुजाऱ्याकडे (गावातल्या पारंपरिक वैदूकडे) नेतात, मग घरगुती काढा, मग आमच्याकडे. त्यात जातो तो वेळ सिकलसेलच्या मुलाला परवडत नाही. पुजाऱ्याचा मान मोडून काही होणार नाही हे मला कळतं, मोडायचाही नाही. मग रस्ता काय?

तुमच्याकडे काय चाललं, काय चाललं नाही, दोन्ही सांगा.

प्रतिसाद: मेळघाटातली सिस्टर

ताई, सुट्टीच्या दिवशी शिकवणं बंद करा, हा माझा पहिला सल्ला. त्या दिवशी रुग्णाचं मन घरी पोहोचलेलं असतं. पहिल्या दिवशीही नको, कळ असताना काही डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं की एका वेळी एकच गोष्ट सांगायची. सकाळी पाणी, संध्याकाळी ताप, दुसऱ्या दिवशी गोळी.

आणि "समजलं का?" हा प्रश्न टाळा. त्याला सगळे हो म्हणतात. मी म्हणते, "घरी गेल्यावर सासूबाई विचारतील सिस्टरनं काय सांगितलं, तर त्यांना काय सांगाल, मला सांगून दाखवा." चुकलं तर तिचं चुकलं नाही, माझं सांगणं कमी पडलं असं धरून वेगळ्या शब्दांत परत सांगायचं. वेळ जातो, पण वाटतो तेवढा नाही.

आणखी एक, घरात निर्णय कोण घेतं ते पहा. आमच्याकडे बहुतेकदा आजी. आईला शिकवून पाठवायचं आणि आजी म्हणणार राहू दे, तर उपयोग काय? भेटायला आजी आली की तिलाच खाटेजवळ बसवते.

प्लिहा (पोटात डाव्या बाजूला असलेली पाणथरी) तपासायला आईला शिकवा. डाव्या बरगडीखाली बोटं कशी ठेवायची, लेकरू बरं असताना किती लागते ते आईच्या हाताला कळू द्या. एकदम मोठी लागली आणि लेकरू पांढरं पडलं तर त्याच क्षणी निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

प्रतिसाद: चंद्रपूरकडचा बाप

सिस्टर, माझ्या पोराला एसएस (म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार) आहे, आता दहावीत आहे. पाण्याबद्दल एक सांगतो जे आम्हाला फार उशिरा कळलं. तो लहानपणी रात्री अंथरूण ओलं करायचा. म्हणून त्याची आई संध्याकाळी सहानंतर पाणी देत नसे. आम्हाला वाटायचं सवय वाईट आहे, रागावायचो. नंतर एका सिस्टरनं समजावलं की या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, लघवी जास्तच होते, म्हणून पाणीही जास्तच लागतं. तेव्हापासून खाली प्लास्टिक अंथरलं, रात्री एकदा उठवायला लागलो आणि पाणी कधी तोडलं नाही. ही गोष्ट प्रत्येक आईबापाला सांगा, हात जोडून विनंती आहे.

शाळेत मी स्वतः हेडमास्तरांना भेटलो. वर्गात बाटली ठेवू द्या, लघवीला मागितलं की जाऊ द्या, थंडीत सकाळी मैदानात उभं करू नका, एवढंच मागितलं. त्यांनी ऐकलं. तुमच्या दवाखान्याच्या शिक्क्यानिशी अशी चिठ्ठी मिळाली तर बाकी आईबापांना सोपं जाईल. आमच्यासारख्याचं तोंडी कोण ऐकतं?

आणि फेऱ्यांचा खर्च होतो म्हणून लोक तपासणी टाळतात. सिकलसेल रुग्णाला एसटीत मोफत प्रवास आहे, हे गावात कितीतरी जणांना माहीत नाही. २०१६ च्या अपंगत्व कायद्यातही हा आजार आहे, त्याचा दाखला काढता येतो.

प्रतिसाद: तालुक्याचा डॉक्टर

हायड्रॉक्सीयुरियाबद्दल. कॅन्सरची गोळी नाही, असं साफ नाकारू नका. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती वापरतात हे खरं आहे आणि रुग्णाला ते मोबाइलवर दिसतंच. मग तुमच्या बाकी बोलण्यावरचाही विश्वास जातो. असं सांगा: बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते विळ्यासारखं वाकत नाही, ही गोळी ते पुन्हा वाढवते. त्याला तीन ते सहा महिने लागतात. आज घेतली आणि आज कळ थांबली असं होणार नाही. कळ येण्याचं प्रमाण कमी व्हावं म्हणून ती आहे.

तिच्यासोबत ठरलेल्या वेळी रक्ततपासणी हवीच, पेशी कमी होतात का ते पाहावं लागतं. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. लग्न झालेल्या मुलींना स्पष्ट सांगा की मूल हवं असेल तर आधी येऊन बोला, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. आणि फक्त रक्त कमी दिसतं म्हणून लोहाची गोळी आपल्या मनाने सुरू होऊ देऊ नका, लोहाची कमतरता आहे का ते आधी पाहायला हवं.

तापाला एक आकडा द्या: १०१ फॅरनहाइट. घरी थर्मामीटर नसेल तर आशाताईंकडे असतो. प्लिहा निकामी झालेली असल्याने साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. म्हणूनच पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस, दोन्ही तपासून घ्या.

वयात आलेल्या मुलांना एक गोष्ट कोणीच सांगत नाही. लिंग ताठ होऊन दुखत राहिलं, चार तासांवर गेलं, तर ती तातडीची अवस्था आहे. मुलं लाजेनं घरात बसून राहतात. वॉर्डात पुरुष कर्मचारी असेल तर त्याला एकांतात सांगायला लावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अंथरूण ओलं होण्याचा प्रश्न मी माझ्या वॉर्डात आजच एका आईला विचारला, आणि तीही संध्याकाळी पाणी तोडते असं निघालं. दादा, तुमचं फार मोठं काम झालं. शाळेसाठीच्या चिठ्ठीचा मसुदा वैद्यकीय अधीक्षकांकडे नेते.

मेळघाटातल्या ताईंची सांगून दाखवायची पद्धत सहकाऱ्यांनाही समजावते. पुजाऱ्याचं मला सुचतंय ते असं: आशाताईंना सोबत घेऊन त्यांना भेटावं आणि एवढीच विनंती करावी, की कार्ड असलेलं तापाचं लेकरू आलं तर तुमचं जे करायचं ते करा, पण त्याच वेळी गाडीला, १०८ ला, फोन लावायला सांगा. कोणी असं करून पाहिलं आहे का?

आणि तेंदूचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फळीवर (तेंदूची पानं गोळा करून मोजतात त्या जागी) आणि जंगलाच्या वाटेवर पिण्याच्या पाण्याची सोय कोणाकडून करून घ्यावी, ग्रामसभेकडून की ठेकेदाराकडून? ज्या गावांत ग्रामसभा स्वतः तेंदू विकते तिथल्या कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. ठराव कसा मांडला, खर्च कुठून केला, तेवढं कळलं तरी येत्या हंगामाआधी आमच्या दोन-तीन गावांत बोलता येईल.