ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया': 94 चं अकॉस्टिक भारी की मूळ इलेक्ट्रिकच खरं?

मागवाला_पूर्वभाग
आमच्या गल्लीत दिवसभर मागाची खटखट, गाणं ऐकायचं तर रात्री माग बंद झाल्यावरच. काल ईगल्स या अमेरिकन बँडचा 'हेल फ्रीझेस ओव्हर' अल्बम लावला, 1994 चा, त्यातलं अकॉस्टिक, म्हणजे बिनइलेक्ट्रिक गिटारवरचं हॉटेल कॅलिफोर्निया. आधी त्यांचा गिटारवाला डॉन फेल्डर, त्याची नायलॉन तारांची गिटार, मग खालून तो ठोका येतो ना, मांडणीवरचं स्टीलचं ताट वाजायला लागलं, आई उठून बघायला आली. माझं स्पष्ट मत आहे, हे मूळ गाण्यापेक्षा वरचढ आहे. बोटं तारेवरून सरकताना ऐकू येतात राव.

सातरस्ता_७७
अजिबात पटलं नाही. 1976 चं मूळ गाणं म्हणजे शेवटी फेल्डर आणि बँडमधला दुसरा गिटारवाला जो वॉल्श दोघं इलेक्ट्रिक गिटार घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात, तीच त्या गाण्याची धग आहे, अकॉस्टिकमध्ये ती गेली आणि नुसता गोडवा राहिला. आणि हे लोक 1980 ला भांडून फुटले, 14 वर्षांनी एकत्र आले आणि टूरचं तिकीट 100 डॉलरच्या पुढं नेलं. त्यात कळकळ कुठं शोधायची?

मंडप_साउंड
मी साउंडचं काम करतो म्हणून सांगतो. स्पीकर विकत घ्यायला जावा, दुकानदार हेच लावणार. गिऱ्हाईक तो ठोका ऐकतं, मान डोलवतं, आणि गायक डॉन हेनली गायला लागायच्या आत गाणं बंद. रेकॉर्डिंग एक नंबर आहे, त्यात वाद नाही, पण त्यापायी गाण्याचा स्पीकर टेस्ट झालाय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मागवाला_पूर्वभाग
@सातरस्ता पैशाचं मान्य, पण पैशासाठी आलेला माणूस वाईटच वाजवतो असं कुठाय? तुम्ही सुरुवात परत ऐका, पब्लिकला कळतच नाही कुठलं गाणं आहे, मिनिटभर सगळे गप, आणि ओळखीचे कॉर्ड सुरू झाले की जो ओरडा होतो त्यावर माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आणि हेनलीचा आवाज, मूळ गाताना तो तिशीच्या आतला होता, इथं 46 चा. गाण्यातल्या त्या हॉटेलातनं बाहेर पडता येत नाही हे 46 च्या माणसाच्या तोंडून जास्त खरं वाटतं मला.

सातरस्ता_७७
आवाजाचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. पण लाईव्ह लाईव्ह म्हणताय तर हेही बघा, 15 पैकी 4 गाणी स्टुडिओतली नवीन आहेत, आणि बाकीचं एमटीव्हीसाठी बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत शूट केलेलं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक बघताना समोरचा नट अडखळेल की काय अशी धाकधूक असते बघा, ती मला यात कुठंच लागली नाही.

मंडप_साउंड
शेवटची दोन गिटारची जोडलाईन तेवढी ऐका ओ, ठोका सोडून. तिथं मला ती धाकधूक लागली.