अनुभव धागा: डोंगरात रात्री पाठ कुठे टेकली, आणि तिथे आधीपासून कोण होतं?

एका दिवसाच्या चढाईबद्दल आपण भरपूर बोलतो. पण सलग तीन-चार दिवस घाटमाथ्यावरून चालताना रात्री निजलात कुठे? गुहा, देऊळ, पडवी, गोठा, काहीही लिहा. तिथे कोणते प्राणी भेटले तेही येऊ द्या. सुरुवात मी करतो.

नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे, भीमाशंकर. डिसेंबर, चार दिवस, आम्ही तिघे ठाणेकर. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडली, वैशाखरेच्या पुढे उतरलो आणि दिवस मावळताना घाट चढून वर आलो. घाटातल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांच्या त्या अक्षरांखाली स्टोव्ह पेटवायला मन धजेना. पठारावरून चालत घाटघर गाठलं. एका आजींनी काही न विचारता पडवी झाडून दिली.

रात्री दोनच्या सुमारास त्यांचा कुत्रा माझ्या पांघरुणात शिरला. अंग थरथरत होतं, पण तोंडातून आवाज नाही. मग रानातून करवतीने लाकूड कापावं तसा आवाज आला. थांबून थांबून, चार-पाच वेळा. दार उघडलं. "आत या रं पोरांनो, वाघ फिरतोय." तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आम्ही तिघे, कुत्रा आणि दोन शेळ्या, सगळे चुलीपाशी. सकाळी बांधावरच्या मातीत ठसे होते, नखांच्या खुणा नसलेले. निघताना आजी पैसे घेईनात. शेवटी नातवाच्या हातात ठेवले. पुढे भीमाशंकरच्या रानात शेकरूही दिसलं, पण या ट्रेकची आठवण म्हटली की मला त्या कुत्र्याची धडधडच आठवते.

कळव्याहून

जीवधनच्या धान्यकोठीत झोपलोय. आत अंधार गुडुप, पायाखाली राख. १८१८ च्या लढाईत जळलेल्या धान्याची ती राख, असं सांगतात. पहाटे मॅट गुंडाळताना खाली काळी इंगळी, वीतभर तरी असेल. माझ्या अंगाच्या उबेला आली असणार. काठीने हळूच बाजूला केली. तेव्हापासून मुक्कामाला जांभळ्या प्रकाशाची छोटी यूव्ही टॉर्च नेतो. त्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात, त्यामुळे झोपायच्या आधी दोन मिनिटांत सगळे कोपरे बघून होतात. आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, कितीही घाई असो.

नेरूळहून

आमचा गोरखगड. देहरीतून वर गेलं की कातळात प्रशस्त गुहा, समोर चाफा आणि चाफ्याला लागून थेट दरी. मुलगा अकरा वर्षांचा, त्याचा पहिलाच मुक्काम. माकडांनी त्याची सॅक ओढली, ती दरीच्या काठाशी अडकली आणि हा तिच्यामागे धावला. मी दंड धरला म्हणून. अजून अंगावर काटा येतो. आमच्या आधी आलेला ग्रुप तासभर त्यांना बिस्किटं देत होता. माकडांचा दोष नाही हो, त्यांना पिशवीत खाणं असतं हे आपणच शिकवलं. हात जोडून सांगते, खायला घालू नका.

घणसोलीहून

कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर तिथे मुक्काम नको. धूर नको, अत्तर-डिओ नको, आरडाओरडा नको. आमच्यातल्या एकाला चाळीसेक डंख झाले होते, त्याला झोळीतून उतरवलं. एवढंच लिहितो.

ऐरोलीहून

वरच्या सगळ्यांना घाबरून कुणी घरी बसू नये म्हणून लिहितेय. जुलैत आहुप्याला गोठ्यात झोपले होते. बाहेर पावसाचा मारा, आत दोन गाई, एक वासरू आणि गोवऱ्यांचा धूर. डास नाहीत, थंडी नाही. रात्रभर रवंथ करण्याचा आवाज ऐकत इतकी गाढ झोपले की घरच्या काकूंना चहाला हाक मारून उठवावं लागलं. दुसऱ्या रात्री भीमाशंकरच्या रानाकडेला काका म्हणाले, "ताई, बॅटरी बंद करा." डोळे सरावल्यावर कुजलेल्या लाकडावर फिकट हिरवा उजेड दिसला. बुरशी! ऐन पावसाळ्यातच दिसते ती. आम्ही कितीतरी वेळ बोललोच नाही.

वाशीहून

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड. पायथ्यापासून एक पिवळसर कुत्री सोबत निघाली. तोलार खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी आम्ही टेकलो, तीही टेकली. खिंडीनंतरच्या धुक्यात आमची वाट चुकली. ती एका फाट्यावर थांबून राहिली, हाक मारली तरी येईना. म्हणून आम्हीच मागे फिरलो, आणि वाट तिच्याच बाजूला होती. रात्री गुहेत उंदरांनी खाऊची पिशवी कुरतडायला घेतली तेव्हा तीच उठली. (खाणं दोरीला टांगून ठेवा, कुत्री दर वेळी मिळणार नाही.) सकाळी तिच्यासाठी भाकरी काढली, तर ती दुसऱ्या एका ग्रुपबरोबर खाली निघालेली. शीळ घातली. एकदा थांबली, शेपूट हलवली आणि उतरली.