नॉर्मल ईसीजी, चक्कर आणि डोळ्यांचे थेंब
चक्कर येणाऱ्याचा ईसीजी (हृदयातल्या विद्युत संदेशांचा आलेख) नॉर्मल आला म्हणजे चक्कर अशक्तपणाचीच, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. हे अजिबात पटत नाही. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांची नोंद घेतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विद्युत संदेश एव्ही नोडपाशी, म्हणजे या दोन्हींमधल्या जोडठिकाणी, अधूनमधूनच अडत असेल, तर तेवढ्यात तो अडथळा सापडेलच असं नाही. त्यासाठीच २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, लावतात.

शिवाय औषधांबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही. बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याला उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, नाडी चाळीसच्या आसपास. डॉक्टरांना तिने बीपीची गोळी सांगितली, काचबिंदूचे थेंब नाही. डोळ्यांच्या औषधाचा हृदयाशी संबंध कुणाला सुचणार? ते थेंब टिमोलॉलचे निघाले, म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गटातलं औषध. अश्रुनलिकेतून नाकात उतरून ते रक्तात शोषले जातात आणि एव्ही नोडमधून जाणारा विद्युत संदेश मंदावू शकतात. नेत्रतज्ज्ञांनी थेंब बदलून दिल्यावर नाडी साठच्या वर आली. अर्थात हे संदेश वाहून नेणारी हृदयातली वहनसंस्थाच झिजली असेल तर पेसमेकरला पर्याय नसतो. आणि कृपा करून थेंब स्वतःहून बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.