मदत हवी आहे : अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये फ्रॅटर्निटीचे सदस्यत्व घ्यावे का?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा अमेरिकेत जेडीच्या (तिथल्या कायद्याच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. तिला फाय अल्फा डेल्टा या विधी-फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या, स्थानिक शाखेने सदस्यत्वासाठी विचारले आहे. फ्रॅटर्निटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बिअरचे पेले आणि रॅगिंगच आले. त्यावर "बाबा, ही ती नव्हे" एवढेच उत्तर मिळाले.

थोडे वाचल्यावर ते पटले. या प्रकारातली जुनी संस्था, फाय डेल्टा फाय, १८६९ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू झाली आणि लंडनच्या इन्स ऑफ कोर्ट या बॅरिस्टरांच्या संस्थांच्या धर्तीवर आपल्या शाखांना आजही 'इन' म्हणते. मुलींना तेव्हा या संस्थांत मज्जाव होता. म्हणून १९०८ मध्ये शिकागोत विद्यार्थिनींनी कप्पा बीटा पाय काढली. १९११ मध्ये निघालेली अशीच विद्यार्थिनींची फाय डेल्टा डेल्टा पुढे १९७२ मध्ये फाय अल्फा डेल्टातच विलीन झाली. ज्या संस्थेचे दार एके काळी बंद होते, तीच आज आपणहून विचारते आहे, याचे बापाला कौतुक वाटणारच. पण फी भरायची ती कौतुकापोटी नव्हे.

माझी खरी अडचण 'आउटलाइन'ची, म्हणजे विषयाच्या तयार टिपणांची आहे. पहिल्या वर्षी बहुतेक विषयांचे गुण सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर, आणि तेही वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरतात. त्यामुळे त्याच प्राध्यापकांकडे शिकलेल्या सीनियरची टिपणे हाती असणे फार मोलाचे मानतात. परवा व्हिडिओ कॉलवर तिने 'कॉन्ट्रॅक्ट्स'ची अशी एक फाइल दाखवली. समासात तीन वेगवेगळी हस्ताक्षरे होती आणि एका निवाड्यापुढे "हा हमखास विचारतात" अशा अर्थाचा शेरा होता. आमच्या वेळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सच आठवल्या! मात्र ही फाइल तिला फ्रॅटर्निटीकडून नव्हे, तर साउथ एशियन लॉ स्टुडंट्स असोसिएशनमधल्या एका ताईकडून मिळाली, आणि तीही फुकट.

मग सदस्यत्वाने आणखी काय पदरात पडते? लॉ रिव्ह्यू (विद्यार्थी चालवतात ते कायद्याचे नियतकालिक) किंवा मूट कोर्ट (लुटुपुटुच्या खटल्यांची स्पर्धा) यांच्या तुलनेत बायोडेटातल्या या ओळीला मुलाखतीत कुणी विचारते का? सदस्यत्व आजीवन असते, तर पदवीनंतर अनोळखी शहरात जुन्या सदस्यांची ओळख खरोखर कामी आली, असा कुणाचा स्वतःचा अनुभव आहे का? विशेषतः भारतातून थेट गेलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिल्यास बरे होईल. तिला पुढच्या शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे.