रेझर पेटीतच राहू द्या

ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग टाळणं हे डॉक्टर-नर्सचं काम, पेशंटने त्यात लुडबुड करू नये, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला ते अर्धंच पटलं.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी हौसेने तिच्या पायावरचे केस काढायला बसले होते. "राहू दे गं, उद्या तेच बघतील," म्हणून तिने थांबवलं, ते बरं झालं. रेझरने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काप जातात आणि जंतूंना आयती जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांतही केस काढूच नका, अगदीच अडत असतील तर क्लिपर (त्वचा न खरवडता केस बारीक कापणारं यंत्र) वापरा, असं आहे. आम्हाला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं! मग पेशंटने काळजी घ्यायची ती कशी?

आधी साबणाने अंघोळ, सिगारेट बंद, साखर आटोक्यात, हे तर पेशंटच्याच हातात. खरी गोची घरी आल्यावर. कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवावं लागतं, आणि तेव्हा नर्स जवळ नसते. टाक्यांभोवतीची लाली पसरतेय, पू येतोय, दुखणं वाढतंय, हे घरच्यांनाच आधी दिसतं. मी ड्रेसिंग बदलताना दर वेळी त्याच खिडकीपाशी फोटो काढायचे. नुसत्या नजरेला कालचं आठवत नाही हो.

"हात धुतलेत का?" हे मात्र मलाही शेवटपर्यंत कुणा डॉक्टर-नर्सला विचारवलं नाही. एकदाच, चाचरत, सॅनिटायझरची बाटली पुढे सरकवली होती.